गाणी पवनेकाठी, पैसा पुण्यात, जबाबदारी मात्र सातबाऱ्यावर

शनिवारी दुपारनंतर पवनानगरचा रस्ता पाहिला की पुणे रिकामं झालं की काय असं वाटतं. ऑफिसचे ग्रुप, कॉलेजची पोरं, दोन-चार कुटुंबं मिळून केलेली मिनी बस. पवना धरणाच्या काठी तंबू, शेकोटी, बार्बेक्यू, सकाळी पोहे-चहा आणि रात्री 'लाइव्ह म्युझिक', असं एका मुक्कामाचं पॅकेज. लाइव्ह म्युझिक म्हणजे बहुतेक ठिकाणी एक गिटारवाला, एक गाणारा आणि दोन मोठे स्पीकर.

आता हिशोब बघा. समजा 40 जणांचा ग्रुप आला आणि माणशी 1200 रुपये घेतले, तर एका रात्रीचे 48 हजार झाले. बुकिंग घेणारा पुण्यात बसून मोबाईलवर पैसे घेतो. ज्याच्या वावरात तंबू ठोकलेत त्याला ठरलेलं भाडं मिळतं, गावातल्या बायांना भाकरी थापण्याची मजुरी, पोरांना पार्किंगचे पैसे. नाही म्हणायला रोजगार झालाच, भातशेतीवर भागत नाही हे मावळात सगळ्यांना माहीत आहे. पण गिऱ्हाईक ज्याच्या हातात, धंदा त्याचाच.

लफडं झालं की मात्र पहिलं बोट जागामालकाकडे जातं. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर तो बंदच ठेवायचा असतो. रात्री 12 पर्यंतची सूट सणासमारंभासाठी, तीही सरकारने ठरवलेल्या वर्षातल्या जास्तीत जास्त 15 दिवसांपुरती. दर शनिवार त्यात बसत नाही. आणि पाण्यावरून आवाज लांब जातो, पलीकडच्या गावातलं म्हातारं माणूसही जागं राहतं.

त्याहून मोठी भीती पाण्याची. जेवण झालं, गाणी रंगली, थोडी घेतलेली असली की कोणीतरी पोहायला उतरतंच. धरणाचा काठ वरून सपाट दिसतो, आत गाळ आणि एकदम खोली. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. 15 जून 2025 ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा पूल पडून चौघे गेले. दोन्ही दिवस रविवारच.

याच पवनेचं पाणी पाइपलाइनने पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ आंदोलन झालं, गोळीबारात तीन शेतकरी गेले. पाणी शहराचं, काठावरची रात्रही शहराचीच, असं गावकऱ्यांना वाटलं तर नवल नाही.

मार्ग नाही असं नाही. 2020 च्या राज्याच्या कृषी पर्यटन धोरणात किमान एक एकर असलेला शेतकरी पर्यटन संचालनालयाकडे स्वतःच्या नावाने नोंदणी करू शकतो. नोंदणी असली की बुकिंगचा नंबर आपला ठेवता येतो, दर आपण ठरवता येतो. तोवर जागा भाड्याने देणाऱ्याने निदान कागद करावा: स्पीकर 10 ला बंद कोण करणार, लाइफ जॅकेट आणि पाण्याजवळ रात्रभर माणूस कोणाचा. तोंडी बोलणं पोलीस ठाण्यात चालत नाही.

आणि गाण्याचंच म्हणाल तर तमाशाची पंढरी नारायणगाव याच जिल्ह्यात आहे. ढोलकी-तुणतुणंवाले कलाकार सुपारीची वाट बघत बसलेत, आणि मावळात गिटारवाला पुण्याहून येतो.