तीन महिन्यांची साखर, सातपुड्याचे रक्त

शिरपूर असो की चोपडा, बाजाराच्या दिवशी तालुक्याला आलेला माणूस हल्ली बियाणे, किराणा उरकता उरकता लॅबमध्येही डोकावतो. ‘तीन महिन्यांची शुगर काढा’ एवढेच सांगतो. उपाशीपोटी यायला नको, जेवून दोन तास ताटकळायला नको. एकदा रक्त दिले की काम झाले. कागदावर ५.६ आले की चहात साखर घालायला तो मोकळा आणि डॉक्टरही निश्चिंत. पण त्याच्या रक्तात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक गुण असेल, तर ते ५.६ खरे कशावरून?

ही तपासणी रक्तातली साखर थेट मोजत नाही. तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे, ते मोजते. पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून तीन महिन्यांचा अंदाज येतो. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशी काही आठवड्यांतच मरतात. साखर चिकटायला सवडच मिळत नाही आणि आकडा फसवा, कमी येतो. आजार नसलेल्या, नुसत्या वाहकाचे काय? अमेरिकेतील ४,६२० कृष्णवर्णीयांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१७ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात आला. रक्तातली साखर तेवढीच असताना वाहकांचा आकडा सरासरी ०.३ ने कमी भरत होता. ०.३ म्हणजे किरकोळ, असे वाटेल. पण मधुमेहपूर्व अवस्थेची रेषा ५.७ वर आणि मधुमेहाची ६.५ वर आखलेली आहे. रेषेच्या काठावर उभ्या असलेल्याला तेवढा फरक पुरतो.

लोहाची कमतरता नेमके उलटे करते, ती हाच आकडा वर ढकलते. रक्तक्षयाचे एक मोठे कारण हीच कमतरता, आणि राज्यात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिसले. म्हणजे साक्री किंवा यावलच्या एकाच पाड्यावर एकाचा मधुमेह झाकला जाऊ शकतो आणि दुसरीच्या माथी नसलेला मारला जाऊ शकतो. दोघांच्या हातात रिपोर्ट मात्र सारखाच छापील.

अमेरिकेच्या आकड्यांवर सातपुड्याचा हिशेब करून भागणार नाही. भारतातल्या आदिवासींमध्ये आढळणारे सिकलसेलचे जनुकही बहुतांशी वेगळ्या ठेवणीचे, ‘अरब-भारतीय’ म्हणून ओळखले जाणारे. भिल्ल, पावरा वस्त्यांतली ही तपासणी कितपत भरवशाची, याचे उत्तर त्याच वस्त्यांत शोधावे लागेल.

असे शोधता येते, हे पुण्याने दाखवले आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना एक कोडे पडले होते: आपल्याकडे मधुमेह तरण्या वयात आणि बारीक अंगाच्या माणसांत का दिसतो? १९९३ मध्ये त्यांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पुण्याची बाळे हलकी खरी, पण त्यांची चरबी त्या मानाने राखलेली. कमी होते ते स्नायू. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले गेले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, याज्ञिकांच्यात २१.२. पाश्चात्त्य मापाचा काटा इथे कसा चुकतो, हे सांगायला त्या दोन आकड्यांपलीकडे काही लागत नाही. प्रश्न स्वतःचा होता आणि त्याच गावांत वर्षानुवर्षे जाण्याची चिकाटी होती.

खानदेशात काय कमी आहे? धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे. जळगावात २०१८ मध्ये शासकीय महाविद्यालय आले, पुढे नंदुरबारलाही आले. धुळे आणि जळगावात खासगी महाविद्यालयेही आहेत. एमडी करणाऱ्याला प्रबंध लिहावाच लागतो. एका रुग्णालयातले मोजके रुग्ण, दीड-दोन वर्षांची धावपळ, मग जाड पुठ्ठ्यात बांधून कपाटात. हीच मेहनत या महाविद्यालयांनी एका आराखड्याखाली आणली, वाहकांची उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर आणि तीन महिन्यांचा आकडा शेजारी शेजारी मांडला, तर कपाटातल्या कागदांना काही अर्थ येईल.

प्रश्नांना तोटा नाही. कुपोषणातून येणाऱ्या मधुमेहाला जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये वेगळा प्रकार मानले आणि १९९९ मध्ये तो यादीतून काढला. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला ‘टाइप ५’ म्हणून पुन्हा दारात घेतले. त्यामागे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे काम होते. मेळघाटाइतकेच कुपोषण खानदेशातल्या ज्या सातपुड्याच्या बातम्यांत वर्षानुवर्षे आहे, तिथे हे रुग्ण कुणी हुडकायचे? आणि हो, रावेरच्या बागेत दिवसभर केळीचे घड वाहणाऱ्या मजुराला ‘केळी खाऊ का?’ याचे नेमके उत्तर देणारा अभ्यास जळगावने नाही, तर कुणी करायचा?

इथे एक अट मात्र सोडता येणार नाही. आदिवासी वस्ती म्हणजे फुकट मिळणारे नमुने नव्हेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, संमती माणसाला कळणाऱ्या भाषेत घ्यावी. मराठी अर्जावर उमटवलेला अंगठा ही पावरी बोलणाऱ्याची संमती होत नाही. रक्त घेतले त्याला निष्कर्षही त्याच्याच बोलीत, त्याच्या पाड्यावर जाऊन सांगावा.

अभ्यास उभे राहायला वेळ लागेल. तोवर लॅबमध्ये जाणाऱ्याने एवढे करावे. सिकलसेल निर्मूलन मोहीम जुलै २०२३ पासून सुरू आहे आणि तपासणी झालेल्यांना कार्ड दिले जाते. घरात ते कार्ड असेल, तर साखर तपासायला जाताना सोबत न्यावे, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावे आणि उपाशीपोटीची साखरही मोजून घ्यावी.