मूल ‘डोळ्यांनी’ शिकते की ‘कानांनी’?

गेल्या महिन्यात एक भगिनी सातवीतल्या मुलाचा कागद घेऊन आमच्याकडे आल्या. शाळेत चाचणी झाली होती. निकाल : हा ‘हाताने करून शिकणारा’. सोबत तोंडी सल्ला, पुस्तकी अभ्यास याला झेपणार नाही. मुलाने ते मनावरच घेतले. वाचायला बसवले की म्हणतो, “अम्मी, मी वाचून शिकणारा नाहीच.”

न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग यांनी १९९२ च्या सुमारास बघून, ऐकून, वाचून-लिहून आणि करून शिकणारे अशी विभागणी मांडली. शिक्षकांना ती फार आवडली. पण २००८ मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा गटाप्रमाणे शिकवल्याने मूल जास्त शिकते याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. मुलाला आवडनिवड असते, हे खरे. पण आवड म्हणजे कुवत नव्हे.

पद्धत ठरते ती बरीचशी विषयावरून. नकाशा ऐकून कळत नाही, उच्चार बघून येत नाही. आपल्या घरांतले हिफ्ज करणारे मूल बघा ना! ते उस्तादांकडून ऐकते, मोठ्याने म्हणते, शक्यतो एकाच छपाईचा मुसहफ वापरते; त्यामुळे आयत पानावर कुठे आहे तेही लक्षात राहते. नवा सबक, अलीकडची सबकी, जुनी मंझिल, सगळे न बघता ऐकवावे लागते. तू कानांचा की डोळ्यांचा, असे त्याला कोणी विचारत नाही. शाळेच्या धड्यालाही हेच लागू आहे : पुस्तक मिटून आठवून बघितलेले जास्त दिवस टिकते.

मुलांत फरक असतात, पण ते वेगळे. कोणाला फळा नीट दिसत नाही, कोणाची घरची भाषा निराळी, कोणाचे अपूर्णांक चौथीतच राहून गेलेले.

या मुलाला आम्ही एक उतारा मोठ्याने वाचायला दिला. तिसरीपर्यंत तो उर्दू शाळेत होता. मराठी जोडाक्षर आले की अडखळायचा, लाजायचा आणि पुस्तक मिटायचा. एवढेच होते! चार वर्षांत कोणी त्याला मोठ्याने वाचायला लावले नव्हते.

आता मगरिबनंतर पंधरा मिनिटे तो अम्मीला वाचून दाखवतो. ‘विद्यार्थ्यांच्या’वर अजून थांबतो, पण पुस्तक मिटत नाही. तो कागद मात्र कपाटात जपून ठेवलेला आहे. पुढच्या भेटीत आम्ही तो मागून घेणार आहोत.