पिकअपचें चाक : डौलासाठीं कीं ओझ्यासाठीं ?

शेतकऱ्याच्या दारांत पूर्वीं जेथें बैलगाडी उभी असे, तेथें आज पुष्कळ ठिकाणीं पिकअप उभी असते. कांदा लासलगांवास न्यावयाचा असो, टोमॅटो नारायणगांवास पोंचवावयाचा असो, कीं खताच्या गोणी तालुक्याहून आणावयाच्या असोत, हीच गाडी शेतकऱ्याचे हातपाय झाली आहे. अशा गाडीच्या चाकांविषयीं शेतकीच्या मासिकांत लिहावें, हें कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु नवी गाडी दारांत येतांच तिचीं मूळचीं चाकें काढून मोठ्या रिमचीं, चकाकणारीं चाकें बसविण्याची जी हौस तरुण मंडळींत फैलावत आहे, तिचा परिणाम शेतकऱ्याच्या पैशावर आणि प्रसंगीं जिवावरही होतो, हें आम्हीं अनुभवानें जाणतों. म्हणून ह्या विषयावर चार शब्द स्पष्टपणें लिहिणें आम्हांस प्राप्त झालें आहे.

आमच्या वडिलांच्या काळीं नवी गाडी करावयाची झाली म्हणजे आमच्या गांवचा सुतार प्रथम दोन प्रश्न विचारी : ओझें काय घालणार, आणि वाट कोणती ? ह्या दोहोंच्या उत्तरांवरून तो चाकाची उंची, आऱ्यांची जाडी आणि लोखंडी धावेची रुंदी ठरवी. चाक कसें दिसेल, हा प्रश्न रंग देतांना निघे; लांकूड तासतांना निघत नसे. आतां बैल गेले, धाव जाऊन रबर आलें, परंतु ते दोन प्रश्न बदललेले नाहींत. टायरच्या दुकानांत पाऊल टाकतांना शेतकऱ्यानें तेच दोन प्रश्न स्वतःस विचारावे, इतकेंच आमचें म्हणणें आहे.

ह्यासाठीं प्रथम टायरच्या कडेवरील आंकडे वाचावयास शिकलें पाहिजे. पुष्कळ पिकअप गाड्यांच्या टायरांवर २१५/७५ आर १५ असा आंकडा असतो. ह्यांतील २१५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरांत. ७५ म्हणजे टायरच्या कडेची उंची त्या रुंदीच्या शेंकडा ७५, म्हणजे सुमारें १६१ मिलिमीटर. आर हें अक्षर रेडियल बांधणीचें, आणि १५ हा रिमचा व्यास, इंचांत. आतां बेरीज करावी. पंधरा इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर; त्यांत वरची व खालची अशा दोन कडा मिळवल्या म्हणजे सबंध चाकाची उंची सुमारें ७०३ मिलिमीटर भरते. ह्यावरून ध्यानांत येईल कीं, रिमचा आंकडा हा चाकाचा आंकडा नव्हे. ही एक गोष्ट ध्यानांत न घेतल्यानें पुष्कळांची फसगत होते, आमचीही झाली.

ती हकीकत सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं, कारण आपल्या चुकीनें दुसरा शहाणा होत असेल तर ती लपविण्यांत अर्थ नाहीं. घरच्या पिकअपचीं मूळचीं पंधरा इंची चाकें झिजलीं, तेव्हां तालुक्याच्या एका दुकानांत आम्हांस सोळा इंची अ‍ॅलॉयचीं चाकें दाखविण्यांत आलीं. घरांतील मुलांचा आग्रह होता, आणि पंधरापेक्षां सोळा मोठे, तेव्हां चाक मोठें व भक्कम होईल, असें आम्हांसही वाटलें. टायर होते २१५/६५ आर १६, मोटारीस लागतात त्या जातीचे. वाचकांनीं वरच्याप्रमाणें ह्यांचीही बेरीज करून पाहावी. कडेची उंची सुमारें १४० मिलिमीटर, रिम ४०६ मिलिमीटर, एकंदर ६८६. म्हणजे मोठें म्हणून घेतलेलें चाक पहिल्यापेक्षां सतरा मिलिमीटरांनीं लहान होतें ! रिम वाढली आणि रबर घटलें. दिसतें तसें नसतें, म्हणूनच जग फसतें, ही म्हण आम्हीं पैसे मोजून शिकलों.

एवढ्यावर भागलें असतें तर हळहळण्याचें कारण नव्हतें. खरा घोटाळा पुढच्या आंकड्यांत होता. टायरच्या आकारापुढें आणखी एक संख्या छापलेली असते. ती त्या टायरनें किती वजन पेलावें ह्याची सांकेतिक खूण होय. ९८ म्हणजे ७५० किलो, १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो, १०६ म्हणजे ९५० किलो. आमच्या त्या टायरांवर ९८ हा आंकडा होता, आणि आम्हीं तो पाहिलाही नव्हता. टोमॅटोचे वीस वीस किलोंचे ७५ क्रेट भरून आमचा पुतण्या जुन्नराकडून कल्याणच्या बाजारास निघाला, आणि माळशेज घाट उतरतांना मागचा डावा टायर फुटला. गाडी दरीकडे न जातां डोंगराच्या कडेस जाऊन टेकली, म्हणून आज हा लेख आम्ही शांतपणें लिहीत आहों. अर्धा माल रस्त्यावर लोळला. मागाहून तितकेंच ओझें घालून मागचीं चाकें वजनकांट्यावर घेतलीं, तेव्हां त्या आंसावर अठराशे किलोंच्या आसपास भार भरला. म्हणजे एकेका टायरावर ९०० किलो, आणि टायरची शक्ति ७५०. ह्यांत नशिबाचा दोष कांहीं नव्हता. दोष साध्या वजाबाकीचा होता.

असें कां व्हावें, हेंही समजून घेतलें पाहिजे. गाडीचें ओझें प्रत्यक्षांत रबर उचलीत नाहीं व रिमही उचलीत नाहीं. तें मुख्यत्वें आंत कोंडलेली हवा उचलते. १८८८ सालीं बेलफास्ट येथें जॉन बॉइड डनलॉप ह्यांनीं हवेचा टायर व्यवहारांत आणला, त्याचें सारें मर्म ह्यांतच आहे. हवेची जागा जितकी अधिक आणि तिचा दाब सोसणारी कड जितकी बळकट, तितकें ओझें अधिक पेलतें. रिम मोठी करून कड बुटकी केली कीं हवेची जागा घटते. शिवाय बुटकी कड खड्ड्याचा धक्का गिळीत नाहीं. तो रिमला बसतो, रिममधून पाट्यांना, आणि पाट्यांमधून मालाला. टोमॅटो, द्राक्षें, डाळिंबें ह्यांसारखा नाजूक माल बाजारांत डागी ठरतो, त्यास वाटेवरचे धक्केही कारण असतात, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. मोटारीचा टायर वेगासाठीं व आरामासाठीं केलेला असतो. मालगाडीचा टायर ओझ्यासाठीं. म्हणूनच मालगाडीच्या टायरावर एलटी किंवा सी हीं अक्षरें, आणि पुष्कळदां ८ पीआर अशी बळकटीची खूण असते. ह्या खुणा नसलेला टायर पिकअपला घालणें म्हणजे टांग्याच्या घोड्यास मोटेला जुंपणें होय.

आतां दुसऱ्या बाजूचेंही ऐकलें पाहिजे. कित्येक म्हणतात, आम्ही रिम तीच ठेवतों, परंतु टायर थोर घालतों. त्यानें गाडी उंच होते आणि पावसाळ्यांत पाणंदीच्या चिखलांतून निघते. ह्या म्हणण्यांत तथ्य आहे, परंतु तें मानतात तेवढें नाहीं. २१५/७५ आर १५ च्या जागीं २३५/७५ आर १५ घातला तर चाक ७०३ मिलिमीटरांवरून ७३३ वर जातें. गाडीचें पोट मात्र त्याच्या निम्म्यानेंच, म्हणजे पंधरा मिलिमीटर, वर येतें. एवढ्यासाठीं द्यावें काय लागतें ? चाकाचा घेर शेंकडा चारांहून थोडा अधिक वाढतो. त्यामुळें कांटा ६० दाखवितो तेव्हां गाडी साडेबासष्टच्या वेगानें धांवत असते. इंजिनची ओढ जमिनीपाशीं तितक्याच प्रमाणांत कमी होते, आणि घाट चढतांना खालच्या गिअरवर यावें लागतें. ब्रेकची पकडही तितकीच उणी पडते. भरल्या गाडीनें घाट उतरणाऱ्यास ही उणीव लहान नव्हे. त्यांतून रुंद टायर पुढचें चाक वळवितांना मडगार्डास किंवा पाट्यास घांसूं लागला म्हणजे त्याची कड आंतून कापली जाते, आणि तें बाहेरून दिसतही नाहीं.

काळ्या जमिनीच्या चिखलाचा खरा उपाय निराळा आहे. तेथें गाडी अडते ती बहुधा चाक लहान म्हणून नव्हे, तर टायरच्या खांचा मातीनें भरून तो गुळगुळीत होतो म्हणून. मूळच्याच आकाराचे, परंतु खोल व मोकळ्या खांचांचे टायर मागें घातले तर पुष्कळ काम भागतें. आणि ज्या चिखलांत तेही भागत नाहीं, तेथें माल ट्रॅक्टरनें डांबरी रस्त्यापर्यंत आणून मग पिकअपमध्यें भरावा, हें शहाणपणाचें.

उलट, लहान चाक म्हणजे हलकें चाक, असेंही समजूं नये. २००५ सालीं टाटा कंपनीनें एस ही छोटी मालगाडी काढली, तिला बारा इंची चाकें होतीं. अशा गाडीचा हौदा ठेंगणा असल्यानें चढउतार करणाऱ्या माणसाची कंबर वाचते, आणि गल्लीबोळांतून भाजी, दूध पोंचविण्यास ती सोयीची पडते. परंतु बारा इंची चाक मोठ्या खड्ड्यांत अधिक खोल बसतें. म्हणून ज्याची वस्ती डांबरी रस्त्यालगत आहे व ओझें हलकें आहे, त्यानें लहान चाकाची गाडी खुशाल घ्यावी. ज्यास मळ्यापासून दोन मैल कच्च्या वाटेनें यावयाचें आहे, त्यानें गाडी घेतांनाच पंधरा किंवा सोळा इंची चाकाची घ्यावी. चाकाच्या आकाराची निवड करावयाची खरी वेळ हीच होय. गाडी एकदां घेतल्यावर तिच्या चाकांत फेरफार करणें म्हणजे बी पेरल्यावर वाण बदलूं पाहण्यासारखें आहे.

कायद्याची बाजूही विसरूं नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम कारखान्यानें ठरविलेल्या व नोंदणींत उतरलेल्या तपशिलास विसंगत असा फेरफार करूं देत नाहीं, आणि २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंही त्याच अर्थाचा निर्णय दिला. मालवाहू गाडीच्या नोंदणीच्या नमुन्यांत टायरांचा आकार व आंसांवरील वजन ह्यांस जागा ठेवलेली आहे. अपघात झाल्यावर विमा कंपनीस हरकत काढण्यास जागा द्यावयाची नसेल, तर मूळचा आकार सोडूं नये. त्याचप्रमाणें, मूळचा टायर मूळच्या ओझ्यासाठींच असतो, हेंही ध्यानांत असावें. दीड टनाच्या गाडींत अडीच टन घालणाऱ्यास कोणतेंही चाक तारणार नाहीं.

तेव्हां आमची सूचना थोडक्यांत अशी. टायर घेण्यास जातांना गाडीवरील पट्टींत किंवा पुस्तिकेंत दिलेला आकार, वजनाचा आंकडा व हवेचा दाब कागदावर उतरून न्यावा. आकार तोच घ्यावा. वजनाचा आंकडा तितका किंवा त्याहून मोठा असावा, कमी कदापि नसावा. टायरच्या कडेवर चार आंकड्यांची तारीख असते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. ती वाचून फार जुना पडलेला माल परत करावा. खांचांची खोली १.६ मिलिमीटरांवर आली कीं टायर संपला असें समजावें. हवा टायर थंड असतांना, माल भरण्यापूर्वीं, मापानें तपासावी. लाथ मारून नव्हे. स्टेपनी इतर चाकांच्याच आकाराची असावी.

शेवटचें म्हणणें सहकारी बंधूंस आहे. एकाच गांवांत दहा पिकअप आणि दहा तऱ्हांचीं चाकें, ही स्थिति आम्ही पाहतों. एकाची गाडी रात्रीं बाजाराच्या वाटेवर अडली तर दुसऱ्याची स्टेपनी तिला बसत नाहीं. मूळचा आकार राखला तर एका जातीच्या गाड्यांचीं चाकें परस्परांस उपयोगी पडतील, आणि सोसायटीस एकाच आकाराचे टायर एकदम मागवून दुकानदाराशीं भावाची घासाघीस करतां येईल. प्रत्येक सोसायटीनें सभासदांच्या गाड्यांचे आकार व वजनाचे आंकडे एका वहींत उतरून ठेवण्याइतका आरंभ तरी करावा. त्यास खर्च एका वहीचा.

डौल आम्हांसही आवडतो. पोळ्याच्या दिवशीं आम्ही बैलाचीं शिंगें रंगवितों, त्यास झूल घालतों. परंतु दुसऱ्या दिवशीं त्याच्या खुरांची निगा करण्यास चुकत नाहीं. पिकअपच्या हौद्यास रंग द्यावा, पाटीवर देवाचें नांव लिहावें, हवी ती हौस करावी. चाकापुरतें मात्र जुन्या सुताराचे ते दोन प्रश्न विचारावे, ओझें काय आणि वाट कोणती, आणि त्यांच्या उत्तराप्रमाणें चालावें. घरचा मुलगा भरली गाडी घेऊन घाट उतरत असतां घरच्यांना शांत झोंप यावी, एवढी किंमत ह्या दोन प्रश्नांस खास आहे.