‘सिलिंडर’ नंबर आणि रोजची लेन्स

लग्नसराई जवळ आली की चष्म्याच्या दुकानांत लेन्सची विचारपूस सुरू होते. दाखवण्याच्या कार्यक्रमात मुलीच्या नाकावर चष्मा नको, ही अट बहुतेक वेळा आईचीच! चष्म्याची एवढी लाज का, हा वेगळा विषय. पण लेन्स घ्यायचीच तर मुलीला तिच्यातून नीट दिसायला हवं, एवढं तरी बघा.

चष्म्याचा कागद काढून पाहा. त्यावर नंबरापुढे ‘सिल’ आणि ‘अ‍ॅक्सिस’ असं काही लिहिलं असेल, तर डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा सगळीकडून सारखा गोल नाही. चेंडूसारखा असायचा तो अंड्यासारखा आहे. यालाच दृष्टिवैषम्य म्हणतात. हे आजारपण नव्हे, कितीतरी जणींना असतं. मात्र त्याला ‘टॉरिक’ लेन्स लागते आणि ती डोळ्यात ठराविक कोनातच बसावी लागते. दहा अंश फिरली तरी सिलिंडरचा जवळजवळ एकतृतीयांश फायदा जातो, तीस अंश फिरली तर सगळाच.

लहान गावात टॉरिक लेन्स दुकानात तयार नसते, मागवावी लागते. मग काय होतं? सिलिंडरचा निम्मा नंबर साध्या नंबरात मिळवून साधी लेन्स दिली जाते. उणे दोन आणि सिलिंडर उणे दीड असेल तर उणे पावणेतीनची! आमच्या मंडळातल्या एका मुलीला अशीच लेन्स मिळाली. अक्षरांना सावली दिसते म्हणाली, तर दुकानदाराचं उत्तर, ‘सवय होईल.’ कसली सवय? अंधुक बघण्याची? सिलिंडर पाऊण किंवा त्याहून जास्त असेल तर आठ दिवस थांबा, पण टॉरिकच मागा.

आता रोज टाकून द्यायची की महिनाभर वापरायची? रोजची महाग, हे खरं. पण हिशेब मांडा. महिन्याची लेन्स एकदा उघडली की चारदा घाला नाहीतर तीसदा, महिन्यानं फेकायचीच, वर पाणी (म्हणजे सोल्यूशन) आणि डबी. रोजचीचा तीसचा डबा आठवड्यातून दोनदा वापरला तर साडेतीन महिने पुरतो. दोन डोळ्यांचे नंबर वेगळे, म्हणून डबे दोन. समारंभापुरती घालणारीला रोजचीच बरी. रोज ऑफिसला घालणारीला मात्र प्रत्येक डोळ्याला वर्षाचे बारा डबे लागतील. तिथे महिन्याचीच परवडते.

रोजच्यांतही फरक आहे. अ‍ॅक्युव्ह्यू मॉइस्ट जुन्या पद्धतीच्या मऊ प्लास्टिकची, पापण्यांच्या उघडझापीनं जागेवर राहणारी. बायोट्रू वनडेमध्ये पाणी अठ्ठ्याहत्तर टक्के. अ‍ॅक्युव्ह्यू ओएसिस वनडे किंवा डेलीज टोटल वन या सिलिकॉन हायड्रोजेलच्या. त्यांतून डोळ्याला प्राणवायू जास्त मिळतो, म्हणून दिवसभर घालणारीला त्या चांगल्या, पण किंमतही तशीच. माझं मत विचाराल तर नावापेक्षा आधी एक जोडी घालून बघा. वीस मिनिटं दुकानात फिरा, पापण्या मिटा, लांबची पाटी वाचा. एकीच्या डोळ्यात जी स्थिर बसते ती दुसरीच्या डोळ्यात फिरते. जास्त सिलिंडर असेल तर रोजच्या लेन्समध्ये तो नंबर मिळेलच असंही नाही.

आणि एक सांगायलाच हवं. आपल्या हातांना काटकसरीची सवय. ‘एकदाच तर घातली, ठेवू उद्याला’, म्हणून वाटीत नळाचं पाणी घेऊन त्यात लेन्स ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्यात. नळाच्या, बोअरच्या, अगदी उकळून गार केलेल्या पाण्यातही लेन्स बुडवायची नाही. पाण्यातल्या अ‍ॅकँथअमिबा नावाच्या सूक्ष्म जिवानं डोळ्याचा पडदा कायमचा खराब होऊ शकतो. रोजची लेन्स रात्री काढायची आणि कचऱ्यात टाकायची. नंबर दर सहा महिन्यांनी बदलत असेल, मुलगी सारखे डोळे चोळत असेल, तर लेन्सचं नंतर बघा. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडद्याचा आकार तपासून घ्या. लग्नाची तारीख त्यासाठी चार दिवस पुढे गेली तरी चालेल.