मत्स्यशाखेच्या मुलांना बंदरावर पाठवा

मत्स्यशाखेच्या विद्यार्थी मंडळाची मी सल्लागार. १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन, २१ नोव्हेंबरला जागतिक मत्स्य दिन, मध्ये पोस्टर स्पर्धा, पाहुण्यांची भाषणं. हिरालाल चौधुरी आणि अलीकुन्ही या शास्त्रज्ञांनी १९५७ साली कार्प माशांचं प्रेरित प्रजनन यशस्वी केलं, मत्स्यशेतकरी दिनी त्याची आठवण ठेवायलाच हवी. पण मंडळाचं वर्ष तेवढ्यावरच संपावं, हे मला मुळीच पटत नाही.

यंदा पावसाळी बंदी उठल्यावर मुलं पहाटे मिरकरवाडा बंदरावर मोजपट्टी घेऊन गेली. लिलाव ऐन भरात होता. एका मावशींनी तळहातापेक्षाही लहान पापलेट पुढे केलं. ‘मोज गो पोरी.’ ते १३५ मिलिमीटरही भरलं नाही. मुलीने किमान आकाराचा नियम सांगितला. मावशी म्हणाल्या, ‘मी नाय घेतलं म्हणून ता परत जिता व्हनार हाय काय?’

प्रश्न रास्त होता. मासा टोपलीत आल्यावर नियम सांगून काय उपयोग? तो जाळ्याच्या चौकोनी आसातूनच निसटायला हवा. मुलं त्याच आठवड्यात ट्रॉलरवाल्यांना भेटली. चौकोनी आसामुळे कोळंबीही निसटते, डिझेलचा खर्च निघत नाही, हे त्यांनी तांडेलांच्या तोंडून ऐकलं. वर्गात मी हे इतकं नीट कधीच समजावू शकले नसते.

पापलेट २०२३ पासून आपला राज्यमासा आहे. तो वाचवायचा तर मुलांनी बंदरावरच शिकायला हवं. म्हणून मागणी एवढीच: बंदरावरच्या या कामाला श्रेयांक द्या, एसटीचं भाडं द्या आणि मुलांच्या नोंदवह्या मच्छीमार सोसायट्यांपर्यंत पोहोचवा.