कीर्तिमंदिराचे मतदार

एम. ए.च्या वर्गाला श्रमाचे अर्थशास्त्र शिकवताना, श्रमाला एकच खरेदीदार असला म्हणजे काय होते हे मी कित्येक वर्षे अमेरिकेतील बेसबॉलच्या उदाहरणाने समजावून देत असे. विद्यार्थी प्रथम हसत. वस्तुतः हे उदाहरण माझे नव्हे. सायमन रॉटेनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ सालीच या बाजारावर निबंध लिहिला होता. कारखान्यातील एका कामगाराने मालाच्या मूल्यात नेमकी किती भर घातली हे वेगळे काढणे दुरापास्त असते. बेसबॉलमध्ये मात्र प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक फटक्याची नोंद राहते. त्या नोंदींवरून जेराल्ड स्कली यांनी १९७४ साली दाखवून दिले की, खेळाडू मालकाला मिळवून देत असलेल्या उत्पन्नाच्या मानाने त्यांचे वेतन फारच तुटपुंजे होते.

याचे कारण करारातील एक कलम. खेळाडूची मुदत संपली तरी त्याच्यावरील हक्क मूळ संघाकडेच 'राखीव' राहत असे. मालक त्याला दुसऱ्या संघाला विकू शके, पण खेळाडूला स्वतः होऊन दुसरा धनी शोधता येत नसे. हे राखीव कलम ज्याने मोडून काढले, त्या कामगार पुढाऱ्याला त्याच खेळाच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये, म्हणजे कीर्तिमंदिरात, जागा मिळण्यास मरणोत्तर सात वर्षे लागली. ती का लागली, हे पाहण्यासाठी तेथील निवडणुकीची यंत्रणा समजून घेतली पाहिजे.

न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाऊन या लहानशा गावी १९३९ साली हे मंदिर उघडले. पहिली निवडणूक त्याआधी, १९३६ साली झाली आणि बेब रूथ, टाय कॉब यांच्यासह पाच खेळाडू निवडून आले. मंदिराचे प्रवर्तक स्टीफन क्लार्क हे शिवणयंत्रांच्या सिंगर कंपनीतून आलेल्या संपत्तीचे वारस. महामंदीने खंगलेल्या गावात प्रवासी यावेत, हा त्यातील उघड हेतू होता. बेसबॉलचा शोध १८३९ साली याच गावी लागला ही कथा त्यासाठी सोयीची ठरली. इतिहासकारांनी ती केव्हाच निकालात काढली आहे.

मंदिराला दोन दारे आहेत. पुढच्या दारावर बेसबॉल लेखक संघटनेचे पत्रकार उभे असतात. किमान दहा हंगाम खेळलेला आणि निवृत्त होऊन पाच वर्षे लोटलेला खेळाडू त्यांच्यापुढे येतो. संघटनेत दहा वर्षे काढलेल्या पत्रकाराला मताचा अधिकार मिळतो आणि त्याला अधिकाधिक दहा नावांवर खूण करता येते. पाऊणशे टक्के मते मिळाली की प्रवेश. पाच टक्क्यांहून कमी मिळाली की नाव कायमचे यादीबाहेर. उमेदवारी पूर्वी पंधरा वर्षे टिकत असे, २०१४ पासून ती दहा वर्षांवर आणली आहे. शेकडो मतदारांच्या या पद्धतीविषयी माझी फारशी तक्रार नाही. तिच्यात लहरीपणा आहे; २०२० साली डेरेक जीटर यांना ३९७ पैकी ३९६ मते पडली, आणि तो एकटा विरोधक कोण हे आजही कोणाला ठाऊक नाही. परंतु लहरी माणसे शेकडोंच्या संख्येने असली की त्यांच्या लहरी एकमेकींना खोडून काढतात.

खरा प्रश्न मागच्या दाराचा आहे. पत्रकारांच्या हातून सुटलेले खेळाडू, तसेच व्यवस्थापक, पंच, मालक आणि अधिकारी यांचा निर्णय लहान समित्या करतात. या समित्यांची रचना वेळोवेळी बदलली गेली आहे, आणि मार्व्हिन मिलर यांचे प्रकरण याच बदलांत अडकले.

मिलर हे पोलाद कामगारांच्या संघटनेचे अर्थतज्ज्ञ. १९६६ साली ते बेसबॉल खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख झाले, तेव्हा किमान वार्षिक वेतन ६,००० डॉलर होते. १९६८ साली त्यांनी पहिला सामुदायिक करार घडवून आणला आणि ते १०,००० वर गेले. पुढे तंटे निःपक्ष लवादाकडे नेण्याचा हक्क मिळाला. १९७२ साली संप झाला. आणि १९७५ च्या डिसेंबरात लवाद पीटर सायट्झ यांनी मेसरस्मिथ व मॅकनॅली या दोन खेळाडूंच्या बाजूने निकाल देऊन राखीव कलमाचा पायाच काढून घेतला. १९८१ चा संप पन्नास दिवस चालला. मालकांच्या बाजूने खेळाचे आयुक्त बोवी कून हे १९६९ पासून मिलर यांच्या समोर उभे होते, आणि बहुतेक महत्त्वाच्या लढाया ते हरले.

आता मतदान पाहा. २००३ साली मतदार होते मुख्यत्वे मंदिरातील हयात खेळाडू, आणि मिलर यांना त्यांची निम्मी मतेही मिळाली नाहीत. (ज्यांना संघटनेने सर्वाधिक दिले तेच तिला प्रथम विसरतात, हा अनुभव कामगार चळवळीत काम केलेल्यांना नवा नाही.) २००७ च्या आरंभी मात्र त्याच मतदारसंघात त्यांची मते ६३ टक्क्यांच्या आसपास गेली, कून यांना वीस टक्केही पडली नाहीत. त्यानंतर अधिकाऱ्यांसाठी बारा जणांची नवी समिती नेमली गेली. तिच्यात बहुमत संघांच्या मालक-व्यवस्थापकांचे. त्याच वर्षी डिसेंबरात निकाल लागला : कून यांना बारापैकी दहा मते, मिलर यांना तीन. वर्ष तेच, उमेदवार तेच आणि त्यांचे कर्तृत्वही तेच; बदलले होते ते मतदार.

पुढच्या वर्षी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, आपले नाव यापुढे यादीत घेऊ नये असे मिलर यांनी पत्रकार संघटनेला लिहून कळवले. तरीही ते घेतले गेले. २०१० साली त्यांना सोळापैकी अकरा मते पडली, एक कमी. २०१२ साली ते वारले. २०१९ च्या डिसेंबरात दुसऱ्या एका समितीने नेमकी बारा मते दिली आणि २०२१ साली, त्यांच्या अनुपस्थितीत, त्यांची फलक-प्रतिमा भिंतीवर लागली.

या समित्यांत कोणी कोणाला मत दिले हे प्रसिद्ध होत नाही. पत्रकारांनी २०१६ साली आपल्या सर्व मतपत्रिका खुल्या करण्याचा ठराव मोठ्या बहुमताने केला, पण मंदिराच्या संचालकांनी तो मानला नाही. गुप्त मतदानाचे आपण सारे पुरस्कर्ते आहोत. कारण ते दुर्बळ मतदाराला बलवानाच्या रोषापासून वाचवते. परंतु येथे मतदार हाच बलवान आहे. संघाचा अध्यक्ष निवृत्त कामगार पुढाऱ्याविरुद्ध मत देतो, तेव्हा त्याला कोणाचे भय असते? तेथे गुप्तता केवळ जबाबदारीपासून वाचवते. लोकांनी सोपवलेला विश्वास वापरणाऱ्याने तो उघडपणे वापरावा, ही साधी मागणी आहे.

पत्रकारांसाठीच्या नियमांत खेळाडूचे 'चारित्र्य' विचारात घेण्याची अटही आहे. कृष्णवर्णीयांबरोबर खेळण्यास नकार देणारे कॅप ॲन्सन १९३९ पासून भिंतीवर आहेत. बॉस्टनचे मालक टॉम यॉकी, ज्यांच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू सर्व संघांच्या शेवटी, १९५९ साली आला, ते १९८० पासून आहेत. अधिक लिहिण्याची गरज नाही.

कर्ट फ्लड मात्र नाहीत. सेंट लुईसचा हा कृष्णवर्णीय क्षेत्ररक्षक, सलग सात वर्षे 'गोल्ड ग्लव्ह'चा मानकरी. १९६९ साली संघाने त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकले, तेव्हा आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही असे त्याने कून यांना कळवले आणि न्यायालय गाठले. खटल्याचा खर्च संघटनेने उचलला. सर्वोच्च न्यायालयात १९७२ साली तो पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. तोवर त्याचा खेळही संपला होता. १९९७ मध्ये तो गेला. पुढच्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने केलेल्या कायद्याला त्याचे नाव दिले. पत्रकारांच्या मतदानात तो पाऊणशे टक्क्यांच्या जवळपासही कधी पोचला नाही, कारण तेथे फटके मोजले जातात. १९८० पूर्वीच्या खेळाडूंचा विचार करणारी समिती आता २०२७ च्या डिसेंबरात बसायची आहे. फ्लडचे नाव यादीत आलेच, तर त्यावर मत देणारी सोळा माणसे संचालक मंडळच नेमील.