पडण्याची मुभा

माजलगावच्या कुठल्याही गल्लीत संध्याकाळी दोन-तीन पोरे एकाच मोबाइलवर डोकी घालून बसलेली दिसतात आणि येणारा-जाणारा वडीलधारा एक वाक्य टाकून पुढे जातो, ‘अभ्यासात एवढं डोकं घातलं असतंस तर!’ वाक्य रागाचे. पण त्यात एक खरा प्रश्न आहे. दहा मिनिटे पाढे म्हणायला न बसणारा मुलगा तासभर न कंटाळता हरत कसा राहतो?

हरत, असे मी मुद्दाम म्हणतो. नवा खेळ शिकणारे मूल बराच वेळ हरतच असते. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८५ साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ काढला. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या कॅसेटमधून तो आपल्याकडच्या घरांतही शिरला. शिगेरू मियामोतो यांनी त्याचा पहिला टप्पा एखाद्या हाडाच्या मास्तरासारखा रचला आहे. सूचना एकही नाही. मारिओ डाव्या अंगाला उभा, उजवीकडे मोकळी जागा; म्हणजे तिकडेच जायचे. समोरून एक प्राणी चालत येतो. उडी मारली नाही, तर मारिओ मरतो. पण आणखी दोन जीव शिल्लक असतात आणि पुन्हा तिथे पोचायला काही क्षणच लागतात. दुसऱ्या खेपेला मूल उडी मारते. टप्प्याच्या अखेरीस समोरासमोर जिने येतात. आधीच्या जोडीमध्ये जमीन असते, नंतरच्या जोडीमध्ये खड्डा. खड्ड्याआधी तीच उडी बिनधोक घोटून घेतलेली असते!

पुढे बोटे आपोआप चालतात. बँकेत नवा रोखपाल नोटा मोजताना ओठ हलवतो. वर्षभराने तोच मोजता मोजता गिऱ्हाइकाशी पावसापाण्याचे बोलतो. तसेच हे.

मी खेळांची भलामण करीत नाही. मोबाइलवरचे पुष्कळ खेळ मुलाने उठूच नये अशा बेताने बांधलेले असतात. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर तर २०२५ साली केंद्राला बंदीचा कायदा करावा लागला. शिवाय खेळातली हुशारी आपसूक गणितात उतरत नाही.

पण एक गोष्ट डाचते. मोबाइलवरचे बहुतेक खेळ महिन्याने उघडले तरी सोडले तिथूनच सुरू होतात. आपल्या बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत. तरी कित्येक मुले आईबापांबरोबर फडावर जातातच. ती मार्च-एप्रिलमध्ये परततात, तेव्हा वर्ग अपूर्णांक संपवून पुढे गेलेला असतो. मुलगा मागच्या बाकावर गप्प बसतो आणि आपण त्याला ‘ढ’ म्हणून मोकळे होतो.

अशा मुलाला पहिल्याच दिवशी ‘तू कुठं थांबला होतास?’ एवढे विचारता येईल. मग भागाकार तर भागाकार, तिथूनच धरायचे; चुकला तर वहीवर लाल फुली न मारता लगेच दुसरे उदाहरण द्यायचे. मास्तरांना पाच-सहा मुलांच्या वेगळ्या वह्या ठेवाव्या लागतील, आणि तोवर उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आलेली असेल, हेही खरे.